मोरचूद

तळघरात उन्हाळा नसतो.
वर दोहा भाजतंय, इथे अठरा डिग्री,
आणि टेबलावर एक मासिक, सुटं सुटं झालेलं,
जुन्या तुर्कीतलं, उजवीकडून उघडणारं.
नाव वाळवीने खाल्लंय. किंमत शाबूत आहे.

मला वाचता येत नाही. मी बांधतो.
निपाणीत बाप चोपड्या बांधायचा तंबाखूच्या वखारींच्या,
कोण किती बुडाला ते त्यालाही कधी
वाचावं लागलं नाही.

वाचतात त्या मुअल्लाबाई. चष्मा कपाळावर, कागद नाकाशी.
"हे डॉक्टरांसाठी नव्हे," म्हणतात, "घरोघरच्यांसाठी."
मग थोडं इंग्रजी, थोडे हातवारे:
माशी. रांजण. रांजणावर फडकं.
थुंकू नका. खिडकी उघडा.
साबणाला त्या साबूनच म्हणतात, हवेला हवा.
जिल्दीला जिल्त म्हणतात, आणि कातडीलाही जिल्तच.
मी बोटांच्या भेगांकडे बघितलं
आणि खळीचा ब्रश पुन्हा उचलला.

अंक कुठून कुठे फिरला कोण जाणे.
इस्तंबूलहून बसरा, तिथून बोटीने खाली अल-अहसाकडे,
बहुधा क्वारंटाइनच्या एखाद्या कारकुनाच्या पेटीत.
समासात त्याची बारीक, तांबूस पडलेली शाई:
ठाण्यातल्या शिपायांना वाचून दाखवले.
बारा जण. एक झोपला.
मुअल्लाबाई हसल्या. मीही हसलो,
शंभर वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी झोपेला.

मग डोळ्यांचं पान.
चित्रात पापणी उलटी केलेली, आत दाणे,
भिजल्या साबुदाण्यासारखे.
उपाय: गोझताशी.
शब्दाला शब्द लावला तर डोळ्याचा दगड.
तो वैद्याच्याच हाताने लावायचा, घरी नव्हे, हे जाड ठशात.
त्यांनी फोनवर फोटो काढून दाखवला, निळा खडा,
आणि मी खुर्चीतून उठलोच. अहो, हे तर मोरचूद!
बाप खळीत घालायचा चिमूटभर, कसरीसाठी.
हात निळे, म्हणून आई त्याला कणकेला शिवू देत नसे.
इथल्या खळीत घालत नाहीत. नियम आहे.

त्याच आठवड्यात सनैयात, आमच्या खोलीत, डोळे आले.
मराठीत डोळे येतात,
जणू इतके दिवस कुठे गेले होते.
आधी टेकबहादुरचे, मग नरसय्याचे,
मग खालच्या खाटेवरच्या मोफज्जलचे.
आठ माणसं, दारामागच्या खिळ्याला दोन टॉवेल.
गुरुवारची रात्र. दवाखाना शनिवारी.
मी मोडक्या हिंदीत ते पान बोलून दाखवलं:
बोट डोळ्याला नाही. उशी ज्याची त्याची.
टॉवेल ज्याचा त्याचा, भले अर्धा फाडून घ्या.
"कुठं वाचलंस?" नरसय्याने विचारलं.
वाचलं नाही रे. बांधलं.

खिशात दोऱ्याचे तुकडे निघाले,
लाल, हिरवा, कच्चा पांढरा, मेण लावलेला काळा.
मी दाभण घेतलं. प्रत्येक फडक्याच्या कोपऱ्याला एक टाका,
पुस्तकाच्या पाठीला घालतो तोच.
मोफज्जलच्या पापण्या चिकटलेल्या.
"मला रंग नको," म्हणाला, "गाठ दे. दोन दे."
अंगठ्याने चाचपून बघितली,
एकदा, पुन्हा एकदा,
मग टॉवेल छातीशी घेऊन भिंतीकडे वळला.

शनिवारी थेंब मिळाले.
रविवारी तळघरात मी शेवटचं पान शिवलं.
समास रुंद होता, कोरा, पेन्सिल कानावर होती.
पण आम्हाला लिहायची मनाई,
नाहीतर खाली देवगडच्या सुभानचं घोरणं
नोंदवून ठेवलं असतं:
सात जण. एक झोपला.